सायकलवाल्याला दिलेली कड

पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्यांची पावसाबद्दल काहीही तक्रार नसते, हे एकदा स्पष्ट सांगणे आता गरजेचे झाले आहे. जुलैमध्ये भल्या पहाटे पुण्यातून सिंहगडाकडे किंवा पौडमार्गे मुळशीकडे निघणारी माणसे भिजणार हे धरूनच घराबाहेर पडतात. संताप येतो तो रस्त्याच्या डाव्या कडेचा, आणि सायकलवाल्याने मुकाट्याने त्याच कडेला मरावे अशा समजुतीने गाडी हाकणाऱ्यांचा.

डांबरी रस्ता बांधताना मध्यापासून कडेपर्यंत दर मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर उतार ठेवायचा असतो, म्हणजे पाणी कडेला येते आणि तिथून गटारात जाते. आपल्याकडे यातले निम्मेच काम होते. पाणी कडेला येते आणि तिथेच तुंबते, कारण गटाराचे तोंड कचऱ्याने बुजलेले असते, नाहीतर साइडपट्टीवरचे पेव्हर ब्लॉक रस्त्यापेक्षा उंच बसवलेले असल्यामुळे पाण्याला गटारापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यातच जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवायची पद्धत असल्यामुळे चेंबरची झाकणे खोल राहतात, आणि त्यावर गढूळ पाणी साचले की तिथे खड्डा आहे की सपाट रस्ता, हे चाक आत आदळल्यावरच कळते. चारचाकीला हा एक दणका असतो. सायकलवाल्याची मात्र रिम वाकते किंवा खांद्याचे हाड मोडते.

हे खड्डे भर पावसात मुरूम टाकून बुजवायची कल्पना ज्याला सुचते, त्याला त्याच रस्त्यावरून आठवडाभर सायकल चालवायला लावले पाहिजे. दोन सरींत त्या मुरमाचा राडा होतो, खडी रस्ताभर पसरते आणि तो लाल चिखल ब्रेकच्या पॅडमध्ये जाऊन बसतो. मग ब्रेक दाबला की कर्रकर्र आवाज येतो, आणि चांगली रिम डोळ्यांदेखत कानशीने घासल्यासारखी झिजत जाते. घरी आल्यावर साखळी पुसून तेल घालता येते; हबच्या बेअरिंगमध्ये शिरलेल्या चिखलाला मात्र सगळे खोलण्यावाचून इलाज नसतो.

थंडीचा प्रश्न येतो तो उतारावर. चढताना अंग तापलेले असते, पण सिंहगडाच्या घाटातून ओल्या कपड्यांनिशी खाली येताना समोरचा वारा अंगातली ऊब काढून घेतो आणि बोटे इतकी बधिर होतात की ब्रेकच्या लिव्हरवर आपण किती जोर लावला आहे, हेच समजत नाही. रिम ब्रेक ओले असताना पहिले काही क्षण पकडच घेत नाहीत. पॅडने आधी रिमवरचे पाणी पुसून काढायचे, तेव्हा कुठे वेग कमी व्हायला लागतो. नेमक्या अशा वेळी, शनिवार-रविवारी धुके पाहायला निघालेली एखादी मोठी गाडी वळणावर सायकलला वीतभर अंतरावरून ओलांडते, डबक्यातून चाक घालून गढूळ पाण्याचा अख्खा पडदा तोंडावर फेकते आणि वरून हॉर्न वाजवत निघून जाते. त्यानंतरचे काही क्षण डोळ्यांना काहीही दिसत नाही आणि सायकल उतारावरून धावतच असते. एकदा पुढे चहाच्या टपरीपाशी मी अशाच एका गाडीवाल्याला गाठून जाब विचारला, तर त्याने काच अर्धी खाली करून, ‘पावसात कशाला कडमडायला येता?’ असे मलाच सुनावले.

हाच प्रश्न ओळखीची माणसेही विचारतात आणि त्याचीच मला सर्वांत जास्त चीड आहे. मी हौसेने जातो. वाटल्यास घरी बसू शकतो. रात्रपाळी संपवून डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून परतणारा वॉचमन आणि भर पावसात पेपर टाकत फिरणारा पोऱ्या यांनी काय करायचे? त्यांच्या सायकलला धड मडगार्ड नसते, मागे दिवा नसतो, आणि त्याच कडेच्या त्याच पाण्यातून त्यांना रोज जावे लागते. त्यांनाही ‘कशाला कडमडता’ असेच विचारणार आहात का?

आणि त्या पाण्याखालच्या जाळ्या! गटारावरच्या जाळीचे गज वाहतुकीच्या दिशेने बसवलेले असले की २५ मिलिमीटरचा टायर सरळ त्या फटीत उतरतो, चाक जागच्या जागी अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. गज आडवे असले तर असे होत नाही. यासाठी कोणतीही योजना, सर्वेक्षण किंवा वेगळा निधी लागत नाही. चौकोनी जाळी उचलून काटकोनात फिरवून ठेवायची, एवढेच काम आहे. आमच्या भागातल्या कार्यालयात मी हे लेखी दिले, फोटो दिले, जागेच्या खुणा दिल्या, आणि दुसरा पावसाळा आला तरी ती जाळी जशीच्या तशी आहे.