किआ मेंढ्यांचं रक्त पिऊन जगत नाही

‘न्यूझीलंडचा किआ हा मांसाहारी पोपट. बर्फात राहतो, मेंढ्यांचं रक्त पितो आणि संख्या फार वाढल्यामुळे तिथलं सरकार त्याला मारायला बक्षीस देतं.’ हा मजकूर सध्या फोटोसकट फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

किआ मेंढीवर हल्ला करतो, हे खरं. दक्षिण बेटावरच्या डोंगरांत मेंढीपालन पसरलं आणि १८६०च्या दशकात अशा तक्रारी सुरू झाल्या. पक्षी मेंढीच्या कमरेवर बसतो, लोकर उपटतो, कातडी फाडतो आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी खातो. त्याला चरबी हवी असते, रक्त नव्हे. मेंढी बहुधा जागच्या जागी मरत नाही. जखमेतून जिवाणू रक्तात शिरतात आणि त्या संसर्गाने ती नंतर दगावते. शिवाय ही सवय मोजक्याच पक्ष्यांना असते. बाकीचे मेलेल्या मेंढीवर जमतात आणि मेंढपाळाला सगळा थवाच गुन्हेगार वाटतो.

त्याचं रोजचं खाणं वेगळंच आहे: पानं, कोंब, मुळं, कोप्रोस्मा नावाच्या झुडपाची फळं, फुलांतला मध, कुजक्या लाकडातल्या अळ्या. लांब, बाकदार चोच उकरायला कामी येते.

‘बर्फात राहतो’ हेही अर्धंच. तो उघड्या शिखरांवर हिंडतो, पण घरटं बरेचदा खालच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात, मुळांखाली किंवा खडकाच्या फटीत, जमिनीवरच असतं. खरा घात इथेच होतो. पिल्लं उडेपर्यंत साधारण तीन महिने बिळात असतात. सशांना आवर घालायला १८८०च्या दशकात ब्रिटनमधून आणलेला स्टोट, म्हणजे मुंगसासारखा लहान शिकारी, सहज आत शिरतो आणि अंडी, पिल्लं, कधी मादीही खातो.

बक्षीस होतं, पण ते इतिहासजमा झालं. त्यापायी सुमारे दीड लाख किआ मारले गेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंशतः आणि १९८६ मध्ये पूर्ण संरक्षण मिळालं. आज रानात अंदाजे ३ ते ७ हजारच उरलेत.

जुन्या झोपड्यांच्या छपरांवरच्या शिशाचे खिळे आणि पत्रेही त्यांना मारतात. शिसं मऊ, चवीला गोडसर; किआ ते कुरतडतो आणि विषबाधा होते. म्हणून दक्षिण बेटावरच्या आर्थर्स पास या घाटात गेलात तर त्याला वेफर्स, पाव काहीही टाकू नका. खाऊ मिळाला की तो रस्त्यावर रेंगाळतो, गाड्यांखाली येतो आणि वस्तीपाशी राहून असंच शिसं चघळतो. गाडीची रबरं सोलायला लागला, तर गाडी पुढे न्या.