पित्त नव्हे हो!

मराठी घरात डोकेदुखीचं निदान करायला डॉक्टर लागत नाही, एक मावशी पुरते. "पित्त झालंय!" की लगेच आमसुलाचं सार, कपाळाला सुंठेचा लेप आणि फारच आपुलकी असेल तर सूर्योदयाआधी गरम दूध-जिलेबी. जिलेबीला माझा तात्त्विक विरोध नाही. पण अर्धशिशी उठलेली असताना पहाटे कढईचा वास सोसणारा माणूस मला कुणीतरी दाखवावा.

त्यापेक्षा अर्धशिशीवर वाचावं. अर्थात ठणका नसताना. ठणक्यात गोळीच्या पाकिटावरची तारीखही वाचवत नाही.

वाचलं की पहिल्यांदा सोबत भेटते, आणि तीही भारदस्त. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना मधूनच डोळ्यांपुढे अर्धशिशीची चमचमती नागमोडी रेघ दिसे. मुलगा ह्यूबर्ट, त्यालाही तेच. त्यानं १८७० साली तिची चित्रंच काढून छापली: नजरेच्या मध्याजवळ बारीक ठिपका, मग तटबंदीसारखी कोनाकोनांची कड, फुगत फुगत बाजूला सरकणारी. हा खेळ साधारण ५ ते ६० मिनिटं चालतो. बहुतेक रुग्णांना तो दिसतच नाही, त्यांचं थेट डोकं धरतं. पण ज्यांना दिसतो, त्यांना "चष्म्याचा नंबर वाढला असेल" हे ऐकून घ्यावं लागतं. खुद्द राजखगोलशास्त्रज्ञाला हे सांगायला कोण धजावलं असतं?

दुसरं सुख म्हणजे श्रीखंडाची निर्दोष सुटका. दुखण्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. ही पुष्कळदा अर्धशिशीच्या झटक्याचीच सुरुवात असते. वाटी चाटूनपुसून खाल्ली म्हणून डोकं दुखलं, असं दरवेळी नसतं. संकष्टी मात्र सुटत नाही. चंद्रोदयापर्यंत रिकामं पोट हे अर्धशिशीला खुलं आमंत्रण.

आता गोळी. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तिथेच बसून राहते. "वाढलं तर बघू" हा बाणेदारपणा म्हणूनच महागात पडतो. ठणका सुरू होताच घ्यावी, मळमळ असेल तर उलटीचं औषधही डॉक्टरांना विचारून. उलट टोकही वाईट: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकं दुखवू लागते. हिशेबासाठी वही ठेवावी: तारीख, वेळ, झोप, जेवण, पाळी, गोळी. वाण्याचं खातं ठेवणाऱ्या घराला हे अवघड नाही.

डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, हातपाय लुळा पडला किंवा तापात मान ताठरली, तर वाचन बंद, तडक दवाखाना.

एरवी उपचाराविना झटका ४ ते ७२ तास चालतो, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात चिकटवावं. मिक्सरच्या बटणावरच चिकटवलं तर उत्तम.