भेकावर मीठ टाकण्याआधी एवढं वाचा

पावसाची पहिली सर आली की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर भेकाबद्दल, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकाबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. 'भेकाला शिवलं की चामखिळी येतात. तो डोळ्यात विषाची पिचकारी मारून आंधळं करतो. घरात दिसला की मीठ टाकून मारा. भेक उकळून ते पाणी प्यायल्यास दमा जातो.'

चामखिळी विषाणूमुळे येतात आणि तो विषाणू माणसाकडून माणसाला लागतो. भेकाच्या पाठीवरचे फोड म्हणजे ग्रंथी. हातात धरल्यावर तो मुततो, तेही बहुतेक पाणीच.

विष मात्र आहे, ते नाकारायचं कारण नाही. ओट्यावर दिव्याखाली किडे टिपत बसलेला भेक जवळून बघा. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखी फुगीर ग्रंथी दिसेल, तिच्यावर बारीक छिद्रं असतात. ती दाबली गेली की दुधासारखा चिकट द्रव पाझरतो. त्यातली बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं हृदयाच्या पेशींतला, क्षारांची ने-आण करणारा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन हे औषधही तिथेच काम करतं. भेक तोंडात धरलेल्या कुत्र्याच्या तोंडाला या द्रवाने फेस येतो. पण हे विष चावणाऱ्यासाठी आहे. भेक आपणहून कुणावर नेम धरत नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. द्रव डोळ्यात गेलाच तर आग होते. भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात घातक आहे ती दम्याची ओळ. शिवूही नका म्हणणारा मेसेज तोच भेक उकळून प्यायला सांगतो! ही द्रव्यं उकळून नष्ट होत नाहीत. भेक खाऊन माणसं दगावली आहेत. बेडकांच्या कातडीतून औषधाचा शोध लागतो हे खरं आहे. १९८७ मध्ये अमेरिकी संशोधक मायकेल झॅसलॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून जंतू मारणारी मॅगेनिन नावाची द्रव्यं वेगळी केली, २०१७ मध्ये केरळातल्या बेडकाच्या स्रावात फ्लूच्या विषाणूला मारणारं उरुमिन नावाचं द्रव्य सापडलं. पण प्रयोगशाळेत एकेक रेणू वेगळा करून तपासणं कुठे आणि घरच्या पातेल्यातला काढा कुठे!

राहिलं मीठ. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाकडच्या कातडीतून शोषतो. त्याच कातडीतून मीठ पाणी ओढून घेतं आणि तो तडफडून मरतो. पाऊस लांबला की बेडूक बांधून धोंडी काढणाऱ्या आपल्या गावांत हे व्हावं, याचा संताप येतो. सुपात घ्या, बांधावर सोडा. कुत्र्याने भेक धरलाच असेल तर कुत्र्याचं तोंड बाजूला वळवून पाण्याने धुवा आणि लगेच गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.