पाणी भरतंय पण धूत नाही: दोष दर वेळी मोटरचाच कसा?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर डिशवॉशरबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातले दावे थोडक्यात असे: पाणी भरून मशीन गप्प बसलं म्हणजे मोटर जळाली, सरळ नवी टाका. आपल्याकडचं पाणी जड, त्यावर हे मशीन टिकतच नाही, म्हणून तुरटी फिरवलेलं किंवा आरओचं पाणी द्या. मीठ संपलं की धुणं बंद होतं, घरातलं मीठ टाकलं तरी चालतं. मशीन मागे तिरकं केलं की रिसेट होतं. आणि स्टॅबिलायझर लावला की सगळं मिटलं. एकेक बघू.

मोटरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. मशीन सुरू केलं की आधी ड्रेनपंप काही सेकंद चालून जुनं पाणी बाहेर टाकतो. मग इनलेट वाल्व्ह उघडतो आणि मॉडेलप्रमाणे साधारण तीन ते साडेचार लिटर पाणी आत येतं. त्यानंतर मशीन एक गोष्ट तपासतं: पाणी पुरेसं आलं का? उत्तर हो आलं तरच धुण्याचा पंप फिरतो, आणि हीटर त्याच्याही नंतर लागतो. म्हणजे भरणं आणि धुणं यांच्यामध्ये एक फाटक आहे. ते उघडलं नाही तर नवीकोरी मोटरही जागची हलणार नाही.

त्याआधी मशीन खरंच थांबलंय का ते बघा. नव्या मशीनची मोटर फार कमी आवाज करते. काही प्रोग्रॅममध्ये भांडी भिजू देण्यासाठी मध्येच दोन-चार मिनिटं शांतताही असते. दहा मिनिटं थांबा. मग दार हळूच थोडं उघडा. वरच्या भांड्यांवर ताजे थेंब असतील तर पंप चालला होता. भांडी कोरडी आणि पाणी नुसतं तळाशी, तर पुढचं वाचा.

तळाशी पाणी किती आहे? जाळीभोवतीचा खळगा भरलेला हवा. तो अर्धवट असेल किंवा बघता बघता रिकामा होत असेल, तर ड्रेनची नळी तपासा. आपल्याकडे बऱ्याच घरांत ती सरळ मोरीच्या जाळीत कोंबलेली असते. टोक जमिनीलगत आणि पाण्यात बुडालेलं असलं की सायफन लागतो: वाल्व्ह वरून भरतोय, नळी खालून ओढून नेतेय. खात्री करायची तर ड्रेनपंप बंद असताना मोरीत पाण्याची धार येते का ते बघा. उपाय फुकटचा आहे. नळी जमिनीपासून किमान ४० सेंटिमीटर उंच नेऊन कमान करून बांधा, टोक पाण्यात बुडू देऊ नका, आणि साधारण एक मीटरच्या वर नेऊ नका, नाहीतर ड्रेनपंपाला ते जड जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे दाब. बऱ्याच मशीनला किमान ०.५ बार लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी वाल्व्हच्या पाच मीटर वर हवी. धाब्यावर टाकी आणि लगेच खाली स्वयंपाकघर असेल तर उंची दोन-तीन मीटरच मिळते, दाब ०.२ ते ०.३ बार. पाणी येताना दिसतं, पण ठरलेल्या वेळात पुरत नाही आणि मशीन वाट बघत बसतं. मोजायला प्रेशर गेज लागत नाही. मशीनचा पाइप अँगल कॉकवरून काढा, खाली बादली धरा आणि एक मिनिट पूर्ण उघडा. दहा लिटर आलं तर ठीक. पाच-सहाच आलं तर आधी टाकीतून येणारा पाइप आणि कॉक साफ करा, मग छोट्या प्रेशर पंपाचा विचार करा. आणि इनलेट पाइपच्या मशीनकडच्या टोकाला वाल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती तर हमखास बघा. बोअरची रेती आणि टाकीतला गाळ तिथेच अडकतो. पकडीने ओढून काढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. जाळी फाटलेली असेल तर तशीच चालवू नका. पुढे आलेलं पाणी मोजणारं छोटं चाक असतं, त्यात रेती गेली की पाणी डोळ्यांना दिसतं पण मशीनच्या हिशोबी आलेलंच नसतं.

काही मशीन चाकाऐवजी दाबावरून पातळी ओळखतात. तिथे गुन्हेगार बहुतेक वेळा तर्री. शेवभाजीची पातेली रोज थंड किंवा झटपट प्रोग्रॅमवर धुतली की तेल तळाशी थिजतं आणि सेन्सरकडे जाणारी अरुंद वाट बुजते. आठवड्यातून एकदा ६५ ते ७० अंशांचा प्रोग्रॅम चालवला तर ही वेळ सहसा येत नाही.

पातळी बरोबर असेल तर मात्र मोटरकडे यायचं, आणि तेही कान लावून. गुणगुणतेय पण फिरत नाही? मग मोटरला वीज पोचतेय, पंखा अडकलाय. प्लग काढा, पाणी मगाने आणि स्पंजने उपसा, जाळी काढा, खळग्यात टॉर्च मारा. काचेचा तुकडा, शेंगदाणा, लिंबाची बी, भरताच्या वांग्याचं देठ, काडी, काहीही निघू शकतं. हात घालताना जाड हातमोजा हवाच, काच पाण्यात दिसत नाही. काहीच निघालं नाही आणि मशीन महिनाभर बंद होतं, तर पंपाचं सील क्षाराने चिकटलेलं असू शकतं. मेकॅनिकने खालून किंवा बाजूने पंप उघडून पंखा हाताने दोन-चार वेढे फिरवला की अशी मोटर पुष्कळदा जागी होते. ‘जळालेली’ म्हणून बदलल्या जाणाऱ्या मोटरींत अशा चिकटलेल्या निघतात, हे त्या मेसेजवाल्याला ठाऊक नसावं.

जुन्या पद्धतीच्या मोटरीला कपॅसिटर असतो, साधारण तीन-चार मायक्रोफॅरडचा. त्यावर ३ लिहिलंय आणि मल्टिमीटर १.८ दाखवतोय, तर तो गेला. मोटरच्या तुलनेत तो अगदी स्वस्त. हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायचा असतो, तेव्हा हे काम मेकॅनिकचंच. नव्या इन्व्हर्टर मोटरीत असा कपॅसिटर नसतो. तिच्या तीन टोकांमधल्या तिन्ही जोड्यांवर जवळपास सारखेच ओहम यायला हवेत. एक जोडी उघडी, म्हणजे आतली तार तुटलेली दाखवत असेल तर मोटर खरंच गेली. तिन्ही सारखे असून मशीन गप्प, तर मशीनचा सर्किट बोर्ड तपासायचा: जळका सांधा, चिकटलेला रिले, कधी आत शिरलेली पाल किंवा मुंग्या. मशीन दाखवतं तो बिघाडाचा कोडही वाचा. बॉशमध्ये ई १५ म्हणजे तळाच्या ट्रेमध्ये पाणी, एलजीमध्ये एलई म्हणजे मोटर. मोटर बदलायला सांगणाऱ्याकडे ओहमचं रीडिंग मागा. रीडिंग न घेता बदला म्हणणारा अंदाजच सांगतोय.

आता पाणी. ‘खान्देशचं पाणी’ अशी एकच गोष्ट नाही. जळगाव शहरात वाघूर धरणाचं येतं. यावल-रावेरकडच्या गाळाच्या पट्ट्यातलं बोअर वेगळं, साक्रीकडच्या काळ्या पाषाणातलं वेगळं. जडपणा मोजावा लागतो, आणि तोही आरओवाल्याच्या टीडीएस पेनने नाही. ते पेन विरघळलेले सगळे क्षार एकत्र दाखवतं, मशीनच्या सेटिंगसाठी फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जडपणाचा आकडा हवा असतो. त्यासाठी हार्डनेसची पट्टी मिळते. तिचा आकडा पीपीएममध्ये असेल तर १७.८ ने भागा, जर्मन अंश (जडपणाचं माप) मिळतात. ४५० पीपीएम म्हणजे सुमारे २५ अंश, आणि सेटिंग त्याप्रमाणे करायचं. बऱ्याच मशीनची मर्यादा ५० अंश, म्हणजे जवळपास ८९० पीपीएम असते. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा काढत नाही. आरओचं पाणी वापरायची गरज नाही, मशीनमध्ये मिठाच्या मदतीने जडपणा काढणारा सॉफ्टनर असतोच. उन्हाने तापलेल्या टाकीतल्या पाण्याचीही भीती नको, बहुतेक मशीन ६० अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी घेतात.

मिठाचं सांगायचं तर मीठ संपल्याने धुणं थांबत नाही. दिवा लागतो, ग्लासांवर पांढरे डाग येतात आणि सॉफ्टनर हळूहळू निकामी होतो, एवढंच. घरातलं बारीक मीठ मात्र टाकू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात, आणि बारीक दाण्याचा गोळा होऊन मशीनमधली मिठाची टाकी तुंबते. जाड दाण्याचं, डिशवॉशरसाठीचंच घ्या. पहिल्या वेळी टाकीत लिटरभर पाणी ओता, मग मीठ, आणि लगेच एक प्रोग्रॅम चालवा, कारण सांडलेलं खारं पाणी स्टीलला गंजवतं.

मशीन तिरकं करण्याची युक्ती कधी कधी लागू पडते, म्हणूनच ती इतकी पसरली. तळाच्या ट्रेमध्ये पाणी साठलं की थर्माकोलचा फ्लोट वर येतो, भरणं बंद होतं आणि ड्रेनपंप चालूच राहतो. तिरकं केल्याने ते पाणी सांडतं आणि मशीन सुरू होतं. पण पाणी आलं कुठून? सैल क्लिप, दाराचं झिजलेलं रबर, किंवा नेहमीचं: डिशवॉशरच्या गोळीऐवजी भांडी घासायचं साधं लिक्विड. त्याचा फेस ट्रेमध्ये उतरतो. शिवाय फेसात पंपाला पाणी नीट ओढता येत नाही, त्यामुळे मोटर फिरूनही फवारा चढत नाही. फेस दिसला तर गोळी न टाकता भरून-उपसून दोन-तीनदा रिकामं करा. तिरकं करण्याआधी प्लग काढा आणि अँगल कॉक बंद करा.

स्टॅबिलायझरच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. जुन्या मोटरीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो, वाल्व्ह मात्र तेवढ्यावरही उघडतो. म्हणून भरतं पण फिरत नाही, असं खरंच घडू शकतं. संध्याकाळी अडणारं मशीन पहाटे नीट चालत असेल तर प्लगमध्ये मल्टिमीटर लावून दोन्ही वेळचं व्होल्टेज बघा. फरक मोठा असेल तर स्टॅबिलायझर घ्या, पण २००० वॉटच्या हीटरला पुरेल असा, किमान तीन केव्हीएचा, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर. घरच्या ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर डिशवॉशर लावू नका. त्यावर पाणी भरेल, कदाचित पंपही फिरेल, आणि हीटर लागला की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडेल.