वरपक्षाने अमेरिकेत जेवायला कसे बसावे

ज्यांचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा अमेरिकेत तिथल्याच एखाद्या मुलीशी लग्न करीत आहे आणि त्या निमित्ताने ज्यांना व्हिसाही मिळून गेला आहे, अशा सर्व सुज्ञ मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. प्रत्यक्ष लग्नाबद्दल येथे काही सांगायचे नाही. लग्नाच्या दिवशी वधूवर, गुरुजी, पाद्री, फोटोग्राफर अशी पुष्कळ माणसे कामाला जुंपलेली असतात आणि पाहुण्यांना फारसे काही बिघडवता येत नाही. वरपक्षाची खरी कसोटी लागते ती आदल्या संध्याकाळी.

तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी लग्नाची रंगीत तालीम घेतात. कोणी कोणाच्या मागून चालत यायचे, कोणी कुठे उभे राहायचे, अंगठ्या कोणाच्या खिशात असायच्या, हे सगळे लग्न लावणाऱ्याच्या देखरेखीखाली एकदा करून पाहिले जाते आणि ते आटोपले की दोन्हीकडची जवळची माणसे एकत्र जेवतात. याला रिहर्सल डिनर म्हणतात. हा प्रकार आपल्याला ऐकताक्षणीच सीमांतपूजनासारखा वाटतो आणि तिथेच वरपक्षाची फसगत होते, कारण सीमांतपूजनात वधूपक्ष वराचे पाय धुतो, त्याला पोशाख देतो, वरमाईचा मान करतो आणि सगळ्यांना जेवू घालतो. रिहर्सल डिनरचा खर्च मात्र तिथल्या जुन्या रिवाजानुसार वराच्या आईवडिलांनी करायचा असतो. हे वाक्य ज्यांना पुन्हा वाचायचे असेल त्यांनी वाचून घ्यावे. विहीणबाईंकडून ओटी भरून घेण्याच्या तयारीने पैठणी नेसून गेलेल्या वरमाईच्या पुढ्यात तिथे बिल येते आणि त्यावर अठरा-वीस टक्के टीप स्वतःच्या हाताने लिहावी लागते.

पण पैसे काय, येतात आणि जातात. या जेवणात खरा धोका वेगळाच आहे. दोन अनोळखी घरांतल्या माणसांनी लग्नाच्या गडबडीपूर्वी निवांत बसावे आणि एकमेकांना ओळखू लागावे, असा या जेवणाचा उघड हेतू आहे. आपण इतके पैसे खर्च करून, इतके लाडू वजनकाट्यावर मोजून, वीस-बावीस तासांचा प्रवास करून गेलो ते काय कोणाची ओळख करून घ्यायला? हा धोका टाळण्याचे काही खात्रीचे उपाय पुढे दिले आहेत.

पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे लग्नाच्या आठवड्यातच कौटुंबिक सहल आखणे. समजा, लग्न शनिवारी, न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात, सेनेका सरोवराच्या काठावरच्या एखाद्या द्राक्षमळ्यात आहे. अशा ठिकाणी हल्ली पुष्कळ लग्ने होतात आणि जागा खरोखर देखणी असते. आता नकाशा उघडावा. तिथून नायगारा मोटारीने अडीच तासांच्या अंतरावर आहे, वॉटकिन्स ग्लेनची घळ सरोवराच्या दक्षिण टोकालाच आहे आणि कॉर्निंगचे काचेचे संग्रहालय तिथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. एवढे सगळे जवळ असताना ते शुक्रवारीच पाहायला हवे, हे उघड आहे. गुरुवारी पाहिले तर शुक्रवारी आपण ताजेतवाने असू आणि रविवारी पाहायचे ठरवले तर शुक्रवारी दुसरे काही काम उरणार नाही. दोन्ही परिस्थितींत जेवणाला वेळेवर पोहोचण्याची भीती आहे.

शुक्रवारी पहाटे सर्वांना मोठ्या गाडीत बसवावे आणि नायगारा गाठावा. तिथे पोहोचताच कुटुंबातल्या किमान दोघांनी, ‘खरा नायगारा कॅनडाच्या बाजूने दिसतो,’ असे म्हटलेच पाहिजे आणि आपल्याकडे कॅनडाचा व्हिसा का नाही यावर वराच्या वडिलांना जबाबदार धरावे. त्यानंतर मेड ऑफ द मिस्ट या नौकेच्या रांगेत उभे राहावे. या नावाची पहिली नौका तिथे 1846 मध्ये सुरू झाली, आता ती विजेवर चालते, आणि तिकिटाबरोबर निळा प्लॅस्टिकचा झगा मिळतो. हा झगा परत द्यावा लागत नाही, हे कळल्यावर आत्याबाई जो आनंद व्यक्त करतात तो प्रत्यक्ष धबधबा पाहूनही त्यांना झालेला नसतो. नौका घोड्याच्या नालेसारख्या धबधब्याच्या तोंडाशी जाते तेव्हा तुषारांमुळे काहीही दिसत नाही आणि आवाजामुळे काहीही ऐकू येत नाही. म्हणून नेमके तेवढ्या वेळाचे संपूर्ण चित्रीकरण करावे. प्रत्येकाने आपापल्या फोनवर करावे. एकाचे दुसऱ्याला पाठवण्याची सोय आहे, पण दुसऱ्याने काढलेल्या व्हिडिओत आपले बोट नसते.

परतताना वॉटकिन्स ग्लेन करावे. त्या घळीत दोनेक मैलांच्या वाटेवर 19 धबधबे आणि 832 दगडी पायऱ्या आहेत, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. ते आत्याबाईंना वाचून दाखवू नये. निम्म्या वाटेवर त्यांचे गुडघे धरतील, त्या एका ओल्या दगडावर बसतील आणि ‘तुम्ही पुढे व्हा, मी इथेच राहीन,’ असे सांगतील, म्हणजे अर्थातच कोणी पुढे होणार नाही. यात दीड तास सहज जातो. कॉर्निंगला वळण्याइतका वेळ उरला तर सोन्याहून पिवळे. पॅलोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी 1934 मध्ये ओतलेली 200 इंची काचेची पहिली तबकडी, जी ओततानाच बिघडली होती, ती तिथे मानाने मांडून ठेवलेली आहे. बिघडलेली वस्तू अशी चारचौघांत मांडून खाली पाटी लावण्याची पद्धत आपल्या घराण्यात नाही, तेव्हा तिच्यासमोर फोटो काढून पुढे सरकावे.

हे सर्व नीट जमले तर पाच वाजताच्या तालमीला वर एकटाच असतो. वराच्या आईवडिलांची जागा दाखवण्यासाठी तिथे दोन रिकाम्या खुर्च्या ठेवतात आणि काम भागते. जेवण सहाला असते. जूनमध्ये त्या भागात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे सहा वाजता लख्ख ऊन असते आणि ही चहाची वेळ आहे अशी आपली प्रामाणिक समजूत होणे स्वाभाविक आहे. तिच्या आधाराने सातला पोहोचावे. ओल्या बुटांनी पोहोचल्यास उशिराचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

निमंत्रणाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर किती जण येणार आणि प्रत्येक जण काय जेवणार हे कळवायचे असते. ही चिठ्ठी भरून पाठवू नये. पाठवलीच तर ‘चौघे’ असे लिहावे आणि न्यू जर्सीहून निघताना ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या कुटुंबाला, ‘आपलेच आहे, चला,’ म्हणून बरोबर घ्यावे. शाकाहारी कोण, अंडे कोणाला चालते, शुक्रवारी चालते का, कांदा-लसूण कोणाला वर्ज्य आहे, या गोष्टी वाढपी समोर येऊन उभा राहिल्यावर आपापसांत मराठीत ठरवाव्यात. तो हसतमुख उभा राहतो. त्याला तेच शिकवलेले असते.

टेबलांवर प्रत्येकाच्या नावाची छोटी कार्डे असतात. मुलीच्या आईने रात्र जागवून, कोणाशेजारी कोण बसले तर बोलणे जमेल असा विचार करून ती मांडलेली असतात. डॉक्टर मावशीशेजारी त्यांच्याकडची परिचारिका असलेली आत्या, काकांशेजारी रेल्वेत नोकरी केलेले त्यांचे आजोबा, असे ते कारस्थान असते. आल्याआल्या ही कार्डे गोळा करावीत आणि आपली सगळी माणसे एका लांब टेबलावर सलग बसतील अशी लावावीत. ज्यांना आपण सांगलीत रोज भेटतो त्यांच्यापासून परक्या मुलखात दूर बसणे धोक्याचे आहे. उरलेली कार्डे फुलदाणीखाली ठेवावीत.

एक काळजी मात्र विशेष घ्यावी. आजी कार्डाप्रमाणेच बसल्या असतील तर त्यांच्या शेजारी मुलीची आजी येते. एकीला मराठीखेरीज काही येत नाही, दुसरीला इंग्रजीखेरीज, त्यामुळे तिथे काही होणार नाही असे समजून आपण निर्धास्त राहतो आणि पाहतो तो काय, दोघी आपापल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे व्रण एकमेकींना दाखवत असतात. असे काही आढळल्यास आजींना थकवा आला आहे असे जाहीर करून त्यांना ताबडतोब मोटेलवर पोहोचवावे.

विहीणबाई स्वतःहून बोलायला येतील तेव्हा त्या बहुधा सरोवराबद्दल बोलतील. सेनेका सरोवर 600 फुटांहून जास्त खोल आहे, इतके पाणी हिवाळ्यात सहजासहजी गोठत नाही, त्याच्या उबेने काठावरचे द्राक्षवेल कडाक्याच्या थंडीतही तग धरतात आणि म्हणून इथली रीसलिंग वाईन इतकी नावाजलेली आहे, वगैरे. अशा वेळी चुकूनही नाशिकचे नाव काढू नये. द्राक्ष हा दोन्हीकडच्यांना कळणारा विषय आहे. त्यातून छाटणीवर, छाटणीतून पावसावर आणि पावसातून शेतकऱ्यांच्या कर्जावर बोलणे जाऊ शकते आणि अर्ध्या तासाने आपल्याला विहीणबाई आवडूही लागतील. त्यापेक्षा, ‘व्हेरी नाइस,’ म्हणून त्यांच्याबरोबर एक सेल्फी काढावा. सेल्फी काढला की दोन्ही माणसांना सुटका झाल्याचे समजते.

जेवणानंतर, किंवा आपण सातला आल्यामुळे जेवणाआधीच, पडद्यावर वधूवरांचे लहानपणापासूनचे फोटो दाखवतात. यासाठी महिनाभर आधी, ‘दहा-बारा फोटो पाठवा,’ असा निरोप आलेला असतो. आपल्या घराण्याच्या सहलींचा इतिहास दहा-बारा फोटोंत बसणारा नाही हे ओळखून किमान दोनशे पाठवावेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोड्यावर बसलेला चार वर्षांचा वर हा फोटो चांगलाच आहे, परंतु त्यात घोड्याचा लगाम धरणारा माणूसच अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून तो दोनदा पाठवावा. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरच्या फोटोत सगळे खानदान ओळीत उभे आहे, प्रत्येकाचे डोळे उन्हाने मिटलेले आहेत आणि वर त्या दिवशी तापाने लॉजवर झोपला होता. हा तर हवाच. त्याच सकाळी नायगाऱ्यावर काढलेले फोटो गाडीतूनच पाठवून ऐनवेळी शेवटी घालायला लावावेत. त्यांत वर नसतो. वधूही नसते. काका मात्र निळ्या झग्यात असतात आणि त्यांच्या मागे धबधबा होता, असे आपण सांगू शकतो.

मुलीकडचे फोटो सुरू झाले की उठून जेवण घ्यायला जावे. त्यांच्या सहलीही कंटाळवाण्याच असतात: तेच सरोवर, तीच होडी, दरवर्षी तोच तंबू आणि तंबूपुढे दरवर्षी थोडी उंच झालेली तीच मुलगी. उद्या ती आपल्या घरात येणार असली तरी पनीरचा रस्सा गरम असतानाच घ्यायला हवा.

मग भाषणे होतात. वराचा मित्र उठतो आणि वराच्या वसतिगृहातल्या दिवसांचा एखादा किस्सा सांगतो. तो सभ्यच असतो, पण त्यात बिअरचा उल्लेख येतो. तेवढ्यापुरते काकूंनी भाषांतर थांबवून पाण्याचा ग्लास उचलावा. आपल्याकडून काकांनी बोलावे. काकांनी आपल्या घराण्याच्या कोकणातल्या मूळ गावापासून आरंभ करून, वराला दहावीत किती टक्के होते, ते दोन टक्के कुठल्या शिक्षकामुळे गेले, आणि अमेरिकेत यायचा सल्ला मुळात कोणी दिला होता इथवर शांतपणे यावे. वधूचे नाव घ्यायचे राहून गेले तर हरकत नाही. ते उच्चारायला अवघड आहे आणि उद्या पत्रिकेवर छापलेले असेलच.

सगळ्यांत शेवटी मुलीचे वडील उठतात. या गृहस्थांपासून सावध राहावे. ते साधारण साठीचे, जरा लाजरे असतात आणि त्यांच्या हातात एक कागद असतो. त्या कागदावर मुलीने त्यांना रोमन लिपीत लिहून दिलेली तीन मराठी वाक्ये असतात आणि ती पाठ करायला त्यांनी आपल्या कार्यालयात जाण्यायेण्याचा वेळ किती आठवडे खर्च केलेला असतो हे त्यांच्या बायकोखेरीज कोणाला ठाऊक नसते. ‘तुमचा मुलगा आता आमचा पण आहे,’ असे काहीसे ते म्हणतात. ‘ण’ अर्थातच चुकतो. ‘च’ तर दोन्ही चुकतात. अशा वेळी हसून टाळ्या वाजवाव्यात, मग पुढे होऊन त्यांना तो ‘ण’ दोनतीनदा म्हणून दाखवावा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा. उत्तर मात्र इंग्रजीतच द्यावे. ते आपल्याला पहिल्या नावाने हाक मारा असे तिसऱ्यांदा सांगतील. आपण त्यांना ‘सर’च म्हणत राहावे, म्हणजे आदरही राखला जातो आणि अंतरही.

त्या तीन वाक्यांचा व्हिडिओ काढायचा वराच्या आईचा फार विचार असतो. तिने फोन उभारलेलाही असतो. परंतु पडद्यावर ‘जागा शिल्लक नाही’ असे येते, कारण सकाळपासून पाचही फोनांत धबधबा भरलेला आहे. घाईघाईने त्यातला एखादा पुसावा असे तिच्या मनात आलेच तर काकांनी तिला थांबवावे. पुन्हा नायगाऱ्याला येणे कधी होणार? व्याही काय, उद्याही असतील.

परत आल्यावर सोसायटीतल्या बायका विचारतील की व्याही कसे आहेत, काय करतात, विहीणबाईंचे नाव काय. ‘त्यांचे तिकडे सरोवराकाठी असते काहीतरी,’ एवढे सांगून नायगाऱ्याचा व्हिडिओ लावावा. तो अकरा मिनिटांचा आहे, पांढरा आहे, आणि त्यात आत्याबाई सबंध वेळ ‘अगं, काही दिसत नाहीये,’ असे म्हणत आहेत.