‘मुलांना इतक्यात चष्मा नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: लहान मुलांना चष्मा लावू नका, सवय लागते आणि नंबर वाढत जातो. तिरळेपणा वयाबरोबर जातो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली तर तोही बिघडतो. डोळ्यांचे व्यायाम आणि गाजराचा रस पुरे. अक्षरं वाचता येईपर्यंत तपासणीचा उपयोग नाही, आणि राहिलंच काही तर अठरानंतर लेझर आहेच. लोक हा मेसेज काळजीपोटीच पुढे पाठवतात. पण त्यावर विसंबून जी मुलं थांबतात, त्यांचं नुकसान पुष्कळदा भरून निघत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘चष्म्याने नंबर वाढतो.’ वाढतो तो डोळा. जन्मताना डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २४ च्या आसपास. ती गरजेपेक्षा जास्त झाली की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. हाच मायनस नंबर. मिलिमीटरभर जादा लांबी म्हणजे जवळपास अडीच ते तीन नंबर. शाळेच्या वयात हा डोळा लांबत राहतो, चष्मा घातला तरी आणि कपाटात ठेवला तरी. चष्मा आधी लागलेला असतो आणि नंबर नंतर वाढतो, म्हणून बोल चष्म्याला लागतो.

मुद्दाम कमी नंबर देऊनही पाहिलं गेलं आहे. मलेशियातल्या ९४ मुलांवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण नंबर दिला, काहींना पाऊण नंबर कमी. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्यांचाच मायनस जास्त वाढलेला निघाला. फरक लहान होता, पण मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलटा.

नंबर वाढण्याचा वेग कमी करायचा तर त्याचे उपाय वेगळे आहेत. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर, उजेडात नेलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांच्या जागी ३०.४ टक्के राहिलं. ज्यांचा नंबर भराभर वाढतोय त्यांच्यासाठी कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब असतात, खास घडणीच्या काचाही असतात. त्या डॉक्टरांनी ठरवायच्या.

‘अठरानंतर लेझर करू.’ मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. बघायला मेंदू शिकतो, आणि तो शिकतो प्रामुख्याने पहिल्या सात-आठ वर्षांत. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला सारायला लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. उघडल्यावर डोळा निरोगीच होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसाद देईनात. मोठ्या मांजरीत तसं झालं नाही. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. लेझर बुबुळाचा आकार बदलतो. जे मेंदू शिकलाच नाही, ते लेझर शिकवू शकत नाही.

आळशी डोळ्याला काम करायला लावण्यासाठी चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकतात. या पट्टीबद्दलची भीती मात्र समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. चांगला डोळा फार काळ झाकून ठेवला आणि फेरतपासणी चुकवली, तर त्याची नजर कमी होऊ शकते. असं क्वचित होतं आणि बहुधा पट्टी थांबवल्यावर भरून येतं. म्हणूनच डॉक्टर तारीख देतात, ती पाळायची. आधी योग्य चष्मा, काही मुलांचं तेवढ्यानेच भागतं. मग गरज पडली तर पट्टी. तीही दिवसभर लागतेच असं नाही. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तास आणि सहा तास यांची तुलना झाली, सुधारणा सारखीच होती.

पहिले दिवस कठीण जातात. मूल पट्टीची कड नखाने उचलतं, मान वाकडी करून फटीतून चांगल्या डोळ्याने बघतं. हा हट्ट नसतो, झाकलेल्या डोळ्याशिवाय त्याला खरोखरच कमी दिसत असतं. पट्टी थेट त्वचेवर चिकटवा, चष्म्याच्या काचेवर नको, आणि त्या वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं असं जवळचं काम द्या. अजिबात जमत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिन घालून त्याची नजर तात्पुरती धूसर करतात. सात वर्षं उलटली म्हणून हातपाय गाळायचंही कारण नाही. ७ ते १२ वयोगटातल्या एका अभ्यासात उपचार घेतलेल्या ५३ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन ओळी किंवा जास्त सुधारली. नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांची.

‘तिरळेपणा आपोआप जातो.’ पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळा अधूनमधून सरकणं चालतं. नाकाचा पाया रुंद असला तर डोळे सरळ असूनही तिरळे भासतात. याव्यतिरिक्त थांबू नये. प्लस नंबरमुळे आत वळणारे डोळे कित्येकदा फक्त चष्म्याने सरळ होतात. आणि बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः फ्लॅशच्या फोटोत, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू किंवा पडद्याचा कर्करोग असू शकतो, आणि त्या कर्करोगात कधीकधी तिरळेपणाच आधी लक्षात येतो.

व्यायाम आणि गाजर यांवर फार लिहायला नको. जवळ बघताना डोळे एकत्र वळत नसतील तर ठरावीक व्यायाम उपयोगी पडतात. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, ते मिळायलाच हवं. नंबर मात्र दोन्हींनी उतरत नाही.

राहिला अक्षरं न वाचणाऱ्या मुलाचा प्रश्न. नंबर काढायला मुलाने बोलावं लागतच नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात, डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवतात, आतून परतणारी लाली कोणत्या दिशेने सरकते ते बघत समोर भिंगं धरतात. सहा महिन्यांच्या बाळाचाही नंबर असा निघतो. घरीही एक गोष्ट करून बघा: बाळ खेळण्यात रमलेलं असताना त्याचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एका बाजूला ते खेळत राहिलं आणि दुसऱ्या बाजूला दर वेळी हात ढकलून रडू लागलं, तर तपासणीची वेळ आजच घ्या. दोन्हीकडे सारखंच वागलं तरी नेहमीची तपासणी टाळू नका, कारण दोन्ही डोळ्यांना सारखं कमी दिसत असेल तर ते या पद्धतीने कळत नाही.