रात्री स्लॅब, सकाळी गटार जाम

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर सोसायटीच्या कोपऱ्यावर रस्ता राखाडी. शेजारच्या साइटवर काल रात्री स्लॅब टाकला. काँक्रीटचा पंप धुतला कुठे? तर गेटच्या बाहेर. सगळी स्लरी, म्हणजे सिमेंटचं पातळ पाणी, उतारावरून थेट पावसाळी गटाराच्या जाळीत. जाळीची निम्मी भोकं बुजलेली, वर वाळू-खडीचा थर आणि त्यात कुणाच्या तरी स्कूटरच्या टायरची नक्षी उमटून कडक झालेली. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, बारिश में बह जायेगा."

अहो, सिमेंट आहे ते, चिखल नाही! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाण्याखालीसुद्धा होतं. ते वाहून जाणार नाही, पाणीच तिथे अडून आपल्या पार्किंगमध्ये येणार. मग आहेच ग्रुपवर पालिकेच्या नावाने शिमगा.

ग्रुपवर मी फोटो टाकला तर एका काकांचं उत्तर, "बांधकाम म्हटलं की एवढं चालायचंच." चालायचंच? जिन्यात कुणी तुळशीची कुंडी ठेवली म्हणून याच काकांनी एजीएम डोक्यावर घेतली होती.

मी बांधकामाच्या धंद्यात आयुष्य काढलंय, त्यामुळे मला हे "चालायचंच" जरा जास्तच झोंबतं. माझ्या पहिल्या साइटवर एक पंप ऑपरेटर होते, बीडकडचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. राफ्टचं, म्हणजे इमारतीच्या पायाचं काँक्रीट होतं. गेटवर टीएमची, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या फिरत्या ड्रमच्या ट्रकची रांग, प्रोजेक्ट मॅनेजरचा पारा चढलेला आणि मामा पंपाच्या पाइपलाइनचा शेवटचा क्लॅम्प लावेनात. "धुवायचा खड्डा कुठाय?" मॅनेजर म्हणाले, मामा, ते नंतर बघू. "नंतर कोन बघतंय सायेब? नंतर समदे झोपाया जातेत. आधी खड्डा दाखवा, मंग पंप चालू." आणि पंपात माल ओततात त्या हॉपरशेजारी बसून निवांत तंबाखू मळायला लागले. मॅनेजर ओरडले, फोन झाले, मामा ढिम्म. शेवटी जेसीबी आला, खड्डा झाला, त्यात ताडपत्री पसरली, तेव्हा कुठे क्लॅम्प लागला.

मला तेव्हा मामा हट्टी वाटले होते. मग त्यांनीच हिशोब समजावला. पाइप १२५ मिलिमीटरचा. १०० मीटर लाइन असेल तर तिच्या पोटातच सव्वा घनमीटर माल असतो, म्हणजे जवळजवळ तीन टन. हॉपरमधला वेगळा. सुरुवातीला लाइन गुळगुळीत करायला सोडलेली स्लरी वेगळी. शिवाय प्रत्येक टीएमचा ड्रम धुतल्याचं पाणी. हे सगळं कुठेतरी जाणारच ना? आधी जागा ठरवली नाही तर ते उतार शोधतं.

आता आपलं पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीट टाकण्याआधी सह्या घ्यायचा तपासणीचा कागद, काढून बघा. स्टील तपासलं, सही. शटरिंग, सही. इलेक्ट्रिकल कंड्युट, लेव्हल, क्यूब मोल्ड, सही, सही, सही. पंप कुठे धुणार, याला रकानाच नाही! रात्री दोन वाजता काँक्रीट संपतं. इंजिनिअर घरी गेलेला. आरएमसीवाला, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणारा, म्हणतो धुण्याची जागा साइटने द्यायची, ठेकेदार म्हणतो पंप माझा नाही, बिल्डर म्हणतो काम ठेकेदाराला दिलंय. उरतो कोण, तर पाण्याचा पाइप हातात धरलेला एक हेल्पर. तो काय करणार, बिचारा गेटबाहेर सोडून मोकळा होतो.

आज सकाळी तसंच एक पोरगं खोऱ्याने तो थर खरवडत होतं. पायात साध्या स्लिपर, बोटांच्या बेचक्यांत राखाडी लगदा. या सिमेंटच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, १२ च्या आसपास असतो, म्हणजे जोरदार अल्कली. ते लगेच चटका देत नाही, हाच घोळ आहे. दिवसभर पाय ओले राहतात आणि संध्याकाळी कातडी सोलायला लागते. त्याला मी आधी आमच्या नळावर पाय धुवायला लावले. तो नुसता हसला. त्याच्यावर कसला राग काढणार? मामा हेल्परांना गमबूट घातल्याशिवाय लाइनला हात लावू देत नसत, आणि पँट बुटाच्या आत खोचली तर ओरडत. पँट बुटावरून बाहेर हवी, नाहीतर स्लरी आत उतरते आणि दिवसभर तिथेच राहते. एवढी साधी गोष्ट, पण सांगणारं कोणी लागतं.

नाल्यात सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या आत हवा, हा नियम जुना आहे. आणि ९ आणि १२ मध्ये फरक तीनचा नसतो बरं का. पीएचची पट्टी दहापटीने चढते, म्हणजे हजारपट. पावसाळी गटार मैलापाणी केंद्रात जात नाही, आमच्याकडचं सरळ पुण्यातल्या रामनदीत आणि पुढे मुळेत जातं. हो, रामनदीत तसंही काय शिल्लक आहे, हे मला कमेंटमध्ये सांगू नका, माहीत आहे. २०१६ च्या राडारोड्याच्या नियमांतही स्पष्ट लिहिलं होतं की बांधकामाचा कचरा आपल्या आवारात ठेवायचा, रस्त्यावर किंवा गटारात जाऊ द्यायचा नाही. बांधणाऱ्याने. वॉचमनने नाही आणि पावसानेही नाही.

साइटवर जागा नसते, हे मान्य. पेठेतल्या अर्ध्या गुंठ्यावर खड्डा कुठे खणणार? तिथे लोखंडी ट्रे ठेवा, भरला की उचला. पण इथे शेजारी अख्खा प्लॉट मोकळा पडलाय हो!

आणि यात रॉकेट सायन्स काही नाही. मामा शेवटच्या टीएमलाच हिशोब करायचे, की लाइनमध्ये आहे तेवढ्यात स्लॅबचा शेवटचा कोपरा भरतो का. भरत असेल तर हॉपरमध्ये नवा माल घ्यायचाच नाही. उरलाच तर साच्यांत ओतायचा. त्या साइटचे सगळे बॅरिकेडचे ठोकळे असेच झाले होते. खड्ड्यातलं पाणी निवळलं की पुढच्या वेळी हॉपर धुवायला तेच. खाली बसलेलं घट्ट झालं की फोडून डंपरमध्ये. वाघोलीला राडारोड्याचा प्रकल्प आहे, पलीकडे मोशीला आहे. त्याची खडी होते आणि खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत ती काही मर्यादेत काँक्रीटमध्ये वापरायला परवानगीही आहे. खर्च येतो, नाही असं नाही. सॅम्पल फ्लॅटच्या झुंबराएवढा तरी येतो का, विचारा.

असो. त्या साइटचा पुढचा स्लॅब दोन-तीन आठवड्यांत येईल. शनिवारी अकरा वाजता मी त्यांच्या ऑफिसात जाणार आहे. दोनच मागण्या: जाळीवरचा थर त्यांनी फोडून जाळी साफ करून द्यायची आणि पोअर कार्डवर धुण्याच्या जागेचा रकाना घालून त्यांच्या इंजिनिअरने पंप सुरू होण्याआधी सही करायची. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. "चालायचंच"वाले काका आले तरी हरकत नाही, त्यांचं पार्किंग सगळ्यात खालच्या लेव्हलला आहे.